जंगलतोडीचे खापर चुलीवर

वैशाख सरत आला की मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीतील घराघरांत एकच धांदल उडते. आगोटीची बेगमी करायची असते. तांदूळ, मीठ, सुके मासे, आमसुले यांच्या जोडीला चार महिन्यांचे सरपण पावसाआधी मांगरात किंवा पडवीत रचून व्हावे लागते. मृगाचा पाऊस एकदा कोसळू लागला की वाळलेली काटकीही दुर्मीळ होते. म्हणून नारळाच्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, आंब्याकाजूच्या छाटलेल्या फांद्या, सुरूच्या बनातला पाला, असे जे जे जळते ते ते बायका डोईवरून वाहून आणतात. या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. एवढे करूनही आषाढात सरपण ओल धरतेच. चूल पेटत नाही, नुसती धुमसते; आणि फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत, छातीत आणि तिच्या पदराआड बसलेल्या पोराच्या नाकातोंडात तो धूर जात राहतो.

गेल्या अर्धशतकात या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझे देण्यात आले आहे. ते सरपणाच्या भाऱ्याहून जड आहे. देशातील जंगले तिच्या चुलीने खाल्ली, असा हा आरोप आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि श्रीमंत जगाला प्रथमच ऊर्जेची चिंता पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेतील वर्ल्डवॉच संस्थेच्या वतीने एरिक एकहोम यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गरीब देशांतील जळाऊ लाकडाची टंचाई हे जगापुढचे दुसरे ऊर्जासंकट होय, असे तिचे प्रतिपादन होते. पुस्तिकेचा हेतू वाईट नव्हता. गरिबांच्या इंधनाकडे तिने जगाचे लक्ष वेधले, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. परंतु त्या चर्चेतून पुढे जो सोपा हिशेब रूढ झाला तो असा की, माणसे वाढली, त्यांच्याबरोबर चुली वाढल्या, लाकूड मात्र तेवढेच. तेव्हा जंगल संपणारच. निदान इतके सोपे झाल्यावर औषधही सोपे झाले: चूल सुधारा, जंगल आपोआप वाचेल.

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये प्रात्यक्षिकादाखल सुरू केलेला आणि १९८५-८६ पासून देशभर नेलेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम याच वातावरणात जन्माला आला. २००२ साली केंद्राने त्यातून अंग काढून घेईपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली. नोंद झाली, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे.

कुऱ्हाड कोणाची?

लोकसंख्या आणि चुली यांचा हा हिशेब सिंधुदुर्गाला लावून पाहण्यासारखा आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या शिरगणतीत ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे माणसे वाढली नाहीत, घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. मुंबईच्या मनीऑर्डरीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या या मुलखात अनेक घरांत एखादी म्हातारी आणि तिची चूल एवढीच शिल्लक आहे. चुली वाढल्यामुळे जंगल संपत असेल, तर जेथे खाणारी तोंडेच कमी झाली तेथे जंगल वाढायला हवे होते.

पण झाले ते उलटे. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर रबर, अननस आणि केळीच्या लागवडीसाठी उघडे करण्यात आले. बाहेरच्या भांडवलाने जमिनी घेतल्या, यंत्रे आणली, आणि शतकाचे रान महिन्याभरात आडवे केले. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीला गावकऱ्यांचा विरोध होता. तरीही डोंगर खणला गेला, आणि जुलै २०२१ मध्ये त्या खाणीत साचलेले पाणी बांध फोडून लोकांच्या शेतांत आणि घरांत शिरले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली या मुलखाबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई करण्यासाठी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. न्यायालयापुढे उभी होती ती मोळीवाली बाई नव्हे. प्रश्न होता तो जमिनीच्या व्यवहारांचा, पट्टे पाडून केलेल्या लागवडीचा आणि घाटावर जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकांचा.

जिल्ह्यातील झाडोऱ्याचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे, हे येथे विसरून चालणार नाही. ज्याच्या नावावर सातबारा, त्याची झाडे. त्याने तोड विकली तर ठेकेदार सोटे, ओंडके घेऊन जातो; मोलकरणीच्या वाट्याला येतात त्या फांद्या आणि पाचोळा. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना १९९० साली आली. तिने कोकणातील पडीक जमिनींवर आंबा-काजू उभा केला, अनेक शेतकरी कुटुंबांच्या हाती रोख पैसा दिला. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण जेथे पूर्वी कोणीही शिरून काटक्या वेचीत असे, त्या वरकस जमिनीला आता गडगा पडला. भूमिहीन बाईला फाटी आणायची तर बागायतदाराच्या परवानगीने आणावी लागते. आणि परवानगी फुकट मिळत नसते. काजूच्या हंगामात एखाद-दुसऱ्या दिवसाचे बिनमोलाचे काम हे तिचे मोल. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सरपणाला ‘बिगरव्यापारी इंधन’ म्हणतात. त्यामागचा हा व्यापार त्या पुस्तकांना दिसत नाही.

प्रा. अमूल्य रेड्डी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील त्यांच्या ‘अस्त्र’ गटातील सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकातील पुरा या खेड्याच्या ऊर्जावापराचा बारकाईने अभ्यास केला होता. स्वयंपाकासाठी जळणारे लाकूड हे मुख्यतः वेचलेल्या काटक्याडहाळ्यांचे असते, त्यासाठी उभी झाडे पाडली जात नाहीत, आणि हे वेचण्याचे श्रम बायकांचे व मुलांचे असतात, हे त्यातून दिसून आले. पुढच्या काळातील संशोधन त्याच दिशेला गेले. जगभरातील जळाऊ लाकडाचा मेळ घालणाऱ्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज बांधला की, तोडल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडापैकी शेकडा २७ ते ३४ एवढेच लाकूड निसर्गाच्या पुनर्भरणापलीकडचे आहे. म्हणजे दोन तृतीयांश लाकूड वाढीतूनच भरून निघते. आणि मालवणच्या किनाऱ्यावर तर माडाची झावळी गळून पडते ती झाड तोडल्याने नव्हे. झाड जगते म्हणून.

चुलीचा जंगलावर भार अजिबातच पडत नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. गावालगतच्या झाडांची पुन्हापुन्हा होणारी छाटणी, तरव्याच्या भाजावळीसाठी होणारी कवळतोड, खाडीकाठच्या कांदळवनात पूर्वी सर्रास चालणारी लाकूडतोड (२००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती बेकायदा ठरली) या गोष्टी खऱ्या आहेत. गावाच्या कुशीतली टेकडी त्याने विरळ होते. पण टेकडी विरळ होणे आणि डोंगर बोडका होणे यांत फरक आहे. पहिल्याचे कारण गरिबी आहे, दुसऱ्याचे नफा.

लाकूड वाचवणारी चूल आणि धूर वाचवणारी चूल

जंगल चुलीने नाही तर आणखी कशाने तुटले, चूल सुधारली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. कोणती चूल चांगली, हे आपण चुलीकडून काय मागतो त्यावर ठरते. लाकूड कमी जाळणे आणि धूर कमी करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. काही वेळा त्या एकमेकींच्या विरोधातही जातात.

साध्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी शेकडा दहाच्या आसपासच भांड्याला पोचते; बाकीची आजूबाजूला जाते. जळणाची जागा बंदिस्त केली, खाली जाळी घालून हवा वर घेतली, भांडे आणि चूल यांतली फट बेताची ठेवली आणि जाता जाता त्याच धगीवर वैलावरचे दुसरे भांडे तापवले, तर हे प्रमाण वीस-पंचवीसपर्यंत नेता येते. पण लाकूड वाचवण्याच्या नादात हवाच रोखली, तर ज्वाळा मंदावते, लाकूड अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड व काजळीचे सूक्ष्म कण वाढतात. उलट धूर बाहेर काढणारे उंच धुरांडे बसवले, तर ते धुराबरोबर उष्णताही ओढून नेते. लाकूड थोडे अधिकच लागते. जंगल वाचवायला निघालेल्या अधिकाऱ्याला दुसरी चूल नापसंत पडेल. खोकणाऱ्या बाईला तीच हवी असेल. उद्दिष्ट जंगल हे ठरले की बाई नकळत हिशेबातून वगळली जाते, ती अशी.

आणि कोकणातील स्वयंपाकघराचा विचार तर दूरच राहिला. येथील बाई हाताएवढे तुकडे करून चूल पेटवीत नाही. झावळीचा देठ तिने चुलीच्या तोंडातून आत सारलेला असतो, आणि जळेल तसतसा ती तो पायाने पुढे ढकलीत असते. हात माशांत किंवा पिठात गुंतलेले असतात. आखूड तोंडाची सुधारित चूल तिच्यापुढे ठेवली, म्हणजे प्रत्येक देठ कोयत्याने तोडून घेण्याचे नवे काम तिच्या मागे लागते. उकड्या तांदळासाठी भात शिजवायचे ते मोठ्या टोपात किंवा हंड्यात, अंगणातल्या चुलाण्यावर. आंघोळीच्या पाण्याची चूल न्हाणीत वेगळी. पेजेचे मडके, भाकरीचा तवा, आमटीचा टोप यांचे आकार वेगवेगळे. ठराविक मापाच्या दोन भोकांत यातले नीट काय बसणार? शिवाय कौलारू छपरातून धुरांडे बाहेर काढायचे तर तेथे पावसाचे पाणी गळते. आणि कोकणातला पाऊस काही औषधापुरता पडत नाही. धुराचे काही उपयोगही बायकांना ठाऊक असतात. चुलीवरच्या माळ्यावर ओले सरपण सुकते, आमसुले आणि बी-बियाणे टिकते, छपराच्या वाशांना कीड लागत नाही. या उपयोगांना पर्याय न देता धूर काढून टाकला की, काही दिवसांत धुरांडे कोपऱ्यात पडते आणि जुनी चूल पुन्हा मांडली जाते. मग शहरातून आलेला पाहणीदार ‘ग्रामीण स्त्री रूढिप्रिय आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो.

राष्ट्रीय कार्यक्रमात चुलीमागे अनुदान होते, लक्ष्यांक होते, बसवल्याचा फोटो होता. दोन वर्षांनी फुटलेली जाळी कोण बदलणार आणि काजळीने तुंबलेले धुरांडे कोण साफ करणार, याची तरतूद नव्हती. ओरिसातील सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या चुलींचा चार वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुली नादुरुस्त होत गेल्या, वापर घटला, आणि अखेरीस आरोग्यात किंवा सरपणाच्या खर्चात टिकाऊ फरक उरला नाही. या अभ्यासाचा हवाला देऊन चुलीचा नादच सोडावा असे सांगणारे आहेत. पण नळ बसवून त्याची दुरुस्ती केली नाही आणि तो आटला, तर कोणी नळाला नालायक म्हणत नाही.

महाराष्ट्रात याहून शहाणपणाचे प्रयत्नही झाले. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने चुलीचे प्रमाणबद्ध साचे तयार केले आणि ते खेड्यातील कारागिरांच्या हाती दिले, म्हणजे चूल घडवणारा आणि ती दुरुस्त करणारा माणूस गावच्या आसपासच राहील. सरकारी कोठाराची गरज उरली नाही. दृष्टी योग्य होती. पण पाठीशी सातत्याने उभी राहणारी सार्वजनिक यंत्रणा नसेल, तर एखादी संस्था किती घरे पुरी पडणार?

येथे थोडे मागे जाऊन पाहणे उपयोगी ठरेल, कारण या प्रश्नाची सुरुवात जंगलापासून झालेलीच नव्हती. १९३४ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे स्वतः अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या आसपास तयार झालेली ‘मगन चूल’ ही धुरांड्याची चूल होती. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली पुस्तिका लिहिली ती कोट्यवधी घरांच्या धूरमुक्त स्वयंपाकघरांसाठी. त्याच सुमारास डॉ. राममनोहर लोहिया यांनी जाती आणि स्त्री-पुरुषभेद या दोन कोंडवाड्यांविषयी लिहिताना चुलीपुढच्या गुलामीचा विषय काढला, आणि धूर बाहेर नेणारी चिमणी हवी अशी सरळ मागणी केली. क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्यांपैकी अनेकांना तेव्हा हा विषय क्षुद्र वाटला असेल. कुमारप्पा, राजू आणि लोहिया या तिघांची विचारांची घराणी निराळी, पण तिघांच्याही डोळ्यांपुढे होते ते बाईचे डोळे. झाडांचा हिशेब नंतर आला, आणि आल्यावर त्याने बाईला बाजूला सारले.

सिलिंडर आणि रोज

गॅस आला, आता चुलीची चर्चा कशाला, असे शहरी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या. ही कामगिरी लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मधील शेकडा ४३.८ वरून २०१९-२१ मध्ये ५८.६ वर गेले. पण जोडणी ही एकदा द्यायची असते आणि सिलिंडर पुन्हापुन्हा घ्यायचा असतो. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिले की, वर्षाहून अधिक काळ जोडणी असलेल्या उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेतले. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर सात-आठ लागतात. उरलेले दिवस चूल पेटते. जून २०२० पासून सुमारे दोन वर्षे गॅसचे अनुदान जवळजवळ बंदच होते. मे २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा रोज २५६ रुपये होता. चार दिवस माती उपसावी आणि एक सिलिंडर आणावा! मग उज्ज्वलाला उजळणी म्हणून २०० आणि पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपयांचे अनुदान आले. २०२४ साली, विधानसभेच्या निवडणुका तोंडावर असताना, राज्य सरकारने वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. त्यातही ग्राहकाने आधी पैसे मोजायचे आणि मग ते खात्यावर परत यायचे, अशी रीत. हाती पैसे असते तर चूल कशाला पेटवली असती?

घरातील हिशेब कसा चालतो ते पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. सिलिंडर रोख पैशाने येतो, आणि रोख पैसा बहुधा पुरुषाच्या हातात असतो. सरपण बाईच्या वेळेने येते, आणि बाईच्या वेळेला घरात भाव नाही. म्हणून गॅस ‘महाग’ आणि लाकूड ‘फुकट’. चहा आणि पाहुणे गॅसवर, पेज आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, ही वाटणी सिंधुदुर्गातील कोणत्याही वाडीत दिसेल.

सवय मोडत नाही म्हणून बायका गॅस वापरीत नाहीत, असे एक ठरलेले उत्तर अधिकाऱ्यांकडे असते. तामिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने, ज्याचे पहिले निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, या उत्तराची हवा काढून घेतली. निम्म्या घरांना दीड वर्ष गॅस मोफत आणि घरपोच देण्यात आला. त्या घरांनी चूल जवळजवळ पूर्णपणे सोडली. सवय आड आली नाही. बाळांच्या जन्मवजनात मात्र अपेक्षित वाढ दिसली नाही, हेही नमूद करायला हवे. आईचे पोषण, गावातल्या इतर चुलींचा धूर अशी कारणे त्यामागे असू शकतील. एका स्वयंपाकघरातला धूर थांबवला म्हणजे गरिबीचे सारे परिणाम पुसले जातील, अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. दीर्घकालीन श्वसनरोग, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू यांच्याशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. धूर काढण्यासाठी याहून अधिक पुराव्याची वाट कोणी पाहावी?

गॅसखेरीज दुसरी वाट याच जिल्ह्यात चोखाळली गेली आहे. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान आणि डॉ. प्रसाद देवधर यांनी घरोघरच्या बायोगॅसचे काम चिकाटीने केले. परदेशातून आयात होणाऱ्या इंधनावरचे अवलंबन संपते, शेणाची स्लरी परसात आणि शेतात जाते, आणि बाईचा वेळ व डोळे दोन्ही वाचतात. पण येथेही वर्गाची रेषा आडवी येते. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. घरच्या संयंत्राला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही आणि ज्याच्या नावावर परसाची जागा नाही, अशा मासेमारी करणाऱ्या किंवा मोलमजुरीच्या कुटुंबाला हा गॅस कसा मिळणार? त्यांच्यासाठी चांगली चूल हाच आजचा पर्याय असतो. म्हणूनच बायोगॅस, गॅस आणि सुधारित चूल यांतील एकीचा पुरस्कार करून इतर दोहोंना नावे ठेवण्याचा जो पंथ ठिकठिकाणी दिसतो, तो घरात धूर नसलेल्यांचा पंथ आहे.

आता या क्षेत्रात एक नवे गिऱ्हाईक शिरले आहे. गरिबाला चूल वाटायची, तिने वाचवलेल्या लाकडाचा कार्बन मोजायचा, आणि तो विमान कंपन्यांना व कारखानदारांना विकायचा, असा व्यापार जगात उभा राहिला आहे. येथे पुन्हा तोच जुना आरोप कामाला येतो. कारण बाईने जंगल किती खाल्ले हे जितके फुगवून सांगावे, तितके विकायला अधिक मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, त्यांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या नऊपटीहून अधिक कार्बन विकला होता. सगळे प्रकल्प लबाडीचे असतात असे नाही. काहींनी बायकांना खरोखर चांगली चूल दिली. पण नफ्याचा हिशेब झाडांच्या नावावर मांडला की कंपनी आणि सरकार दोघांचीही सोय होते. दोडामार्गातला डोंगर उघडा करणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. आणि पलीकडच्या वाडीतल्या बाईने मात्र दोन काटक्या कमी जाळल्या म्हणून पृथ्वी वाचल्याचे प्रमाणपत्र छापले जाते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी हे दोन प्रश्न प्रथम एकमेकांपासून सोडवून घ्यायला हवेत. जंगलाची लढाई जमिनीच्या व्यवहारांशी, खाणींशी आणि तोडीच्या परवान्यांशी लढायची आहे. ती चुलीपुढे जिंकता येणार नाही. आणि धुराची मागणी जंगलाच्या आडोशाने नव्हे, बाईचा हक्क म्हणून उभी करायची आहे; तिने झाड वाचवले की नाही हे न विचारता. १९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा रॉकेल मागताना त्यांनी कोणत्याही अरण्याची साक्ष काढली नव्हती.

१९५७ पासून १९९१ पर्यंत नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेवर पाठवणाऱ्या या मुलखात समाजवादी कार्यकर्ता काही परका नाही. त्याने हाती घ्यावे असे काम मोठ्या निधीचे नाही. घरकुलाचेच पाहा. इंदिरा आवास योजनेच्या नियमांत धूरमुक्त चूल आणि संडास हे घराचे भाग मानलेले होते. संडास पुढे कसाबसा आला. चूल कागदावरच विरली. ज्या घरकुलाच्या स्वयंपाकाच्या जागेला खिडकी आणि धुरांड्याची वाट नाही, त्याला पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, असा ठराव ग्रामसभेने करणे अशक्य नाही. गॅसची मागणी करताना ती पावसाच्या चार महिन्यांपुरती तरी नेमकी करावी. ओल्या सरपणाचा धूर सर्वांत जीवघेणा असतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत. याच काळात कोकणातील मजुराच्या हाती कामही कमी असते. त्या महिन्यांचे सिलिंडर आगाऊ पैसे न घेता रेशनच्या दुकानातून मिळाले पाहिजेत, ही मागणी बाईला समजते, तिच्या घरातल्या पुरुषालाही समजते, आणि तहसीलदाराला ती टाळणे अवघड जाते.

राहता राहिली ती दुरुस्तीची गोष्ट, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. पाण्याची मोटार चालवायला ग्रामपंचायत माणूस नेमते, त्याला मानधन देते. वाडीवाडीतून फिरून चुलीची जाळी बदलणारी, धुरांडे झाडणारी, नवी चूल त्या त्या घरच्या भांड्यांच्या मापाने लिंपून देणारी एक प्रशिक्षित बाई दर पंचायतीत नेमायला काय हरकत आहे? चूल मांडण्याची कला कोकणातील बायकांच्या हातात आहेच. तिला जाळीचे आणि हवेच्या वाटेचे शास्त्र शिकवायला आठवडा पुरेल. खर्च येईल तो तिच्या रोजाचा. पंचायतीच्या पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणाची रक्कम असते, आणि ती मार्चअखेर कुठल्या तरी शिलाई यंत्रांवर घाईघाईने संपवली जाते. त्या रकमेतून या बाईचा वर्षाचा रोज बाजूला काढण्याची सूचना अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी मांडावी लागेल. नंतर मांडली तर ‘पुढील वर्षी पाहू’ एवढेच उत्तर मिळेल.